ज्ञानाची पाणपोई

चैत्र सरून वैशाख लागला की महाराष्ट्रातील रस्ते तापू लागतात. अशा दिवसांत बाजाराच्या वाटेवर, गाडीतळाजवळ किंवा एखाद्या देवळासमोर कोणीतरी चार बांबू रोवतो, वर गवताचे छप्पर घालतो आणि ओल्या फडक्याने गुंडाळलेले दोन रांजण त्याखाली मांडून ठेवतो. हीच पाणपोई. उन्हाने कासावीस झालेला वाटसरू तेथे थांबतो, गार पाणी पितो आणि तृप्त होऊन पुढे जातो. त्याला कोणी जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही आणि पाण्याचे मोलही मागत नाही. परंतु तो रांजण आपोआप भरलेला नसतो. पहाटे उठून कोणीतरी त्यासाठी विहिरीवरून घागरी वाहिलेल्या असतात. आणि एखाद्या बेफिकीर माणसाने आपला उष्टा पेला त्यात बुडवला, तर सर्वांचेच पाणी नासते. म्हणून पाणपोईवर येणाऱ्याने दोन गोष्टी मनात ठेवाव्यात, असे जुनी माणसे सांगत असत. पाणी पिताना ते स्वच्छ राखावे. आणि अंगात बळ असेल त्या दिवशी एखादी घागर आपणही आणून ओतावी.

आजच्या विद्यार्थ्यासमोर अशीच एक विशाल पाणपोई उभी आहे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवताच ज्ञानकोश उघडतात, जुने ग्रंथ वाचता येतात, नकाशे व चित्रे दिसतात. यांपैकी पुष्कळ संकेतस्थळांना वर्गणी नाही की तिकीट नाही. त्यामुळे हे सारे फुकटच असते, असे अनेकांना वाटते. परंतु येथेही रांजण कोणीतरी भरलेले आहेत. ते कोणी भरले, कसे भरले आणि त्यांतील पाणी पिणाऱ्याने कोणते भान ठेवावे, हे समजून घेतले म्हणजे या पाणपोईचा खरा उपयोग होतो.

प्रथम या महाजालाचीच जन्मकथा पाहावी. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळ, सर्न नावाची एक मोठी प्रयोगशाळा आहे. निरनिराळ्या देशांतील हजारो शास्त्रज्ञ तेथे अणूच्या अंतरंगाचा अभ्यास करतात. प्रत्येकाचा संगणक वेगळा, माहिती साठविण्याची रीत वेगळी. एखादा शास्त्रज्ञ काम संपवून मायदेशी परतला, की त्याने जमविलेली माहिती शोधणे इतरांना कठीण जाई. टिम बर्नर्स-ली नावाचा एक तरुण इंग्रज तंत्रज्ञ तेथे काम करीत होता. १९८९ साली त्याने एक उपाय सुचविला. एका संगणकावरील लेखातील शब्दावर टिचकी मारताच दुसऱ्या संगणकावरील लेख उघडावा, त्यातून तिसरा, अशी सर्व कागदपत्रे एकमेकांत गुंफून टाकावीत, असा तो उपाय होता. १९९० च्या अखेरीस त्याने तो प्रत्यक्षात उतरविला. त्या वेळी साऱ्या महाजालाचा भार त्याच्या टेबलावरील एकाच संगणकावर होता. कोणी चुकून तो बंद करू नये म्हणून त्याने त्यावर लाल शाईने सूचना लिहिलेली चिठ्ठी चिकटविली होती. ती चिठ्ठी आजही त्या संगणकावर पाहावयास मिळते.

एवढ्या मोलाच्या शोधावर हक्क सांगून पैसा मिळविणे शक्य होते. परंतु ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न संस्थेने जाहीर केले, की ही पद्धत कोणीही, कोणतेही शुल्क न देता वापरावी. या निर्णयाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी त्याच वर्षीची दुसरी एक घटना सांगितली पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली ‘गोफर’ नावाची अशीच एक पद्धत तेव्हा अधिक लोकप्रिय होती. १९९३ च्या आरंभी त्या विद्यापीठाने काही प्रकारच्या वापरावर शुल्क आकारण्याचे ठरविले. लोक बिचकले आणि हळूहळू तिच्यापासून दूर झाले. मुक्त असलेले महाजाल मात्र जगभर पसरले. २०१२ साली लंडन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाच्या वेळी बर्नर्स-ली यांना सन्मानाने बोलावण्यात आले, तेव्हा त्यांनी आपल्या संगणकावर एकच वाक्य लिहिले आणि ते प्रेक्षागारात झळकले. ‘हे सर्वांसाठी आहे,’ असा त्याचा अर्थ होता. पाणपोईची जागाच अशा रीतीने दानात मिळालेली आहे.

जागा मिळाली तरी रांजण भरावेच लागतात. महाजाल जन्माला येण्याच्याही आधी हे काम एका विद्यार्थ्याने सुरू केले होते. ४ जुलै १९७१ हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता. मायकेल हार्ट हा इलिनॉय विद्यापीठाचा विद्यार्थी आतषबाजी पाहून परतत होता. वाटेत किराणा घेताना स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची एक छापील प्रत त्याच्या हाती आली. विद्यापीठातील मोठ्या संगणकावर काम करण्याची परवानगी त्याला नुकतीच मिळाली होती. या यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग कोणता, याचा विचार करता करता त्याने तो जाहीरनामाच त्यावर अक्षर अक्षर टंकून काढला आणि इतरांसाठी खुला ठेवला. मग ग्रंथ टंकण्याचा त्याला ध्यासच लागला. १९८९ पर्यंतच्या अठरा वर्षांत अवघी दहा पुस्तके तयार झाली. तरी त्याने हात आखडला नाही. पुढे मदतीला स्वयंसेवक आले. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहात आज सत्तर हजारांहून अधिक पुस्तके आहेत आणि ती सर्व विनामूल्य वाचता येतात.

येथे एक शंका साहजिकच मनात येते. लेखकाचे पुस्तक असे विनामूल्य वाटून टाकणे न्याय्य आहे काय? याचे उत्तर कायद्याने दिले आहे. लेखकाच्या श्रमाचे फळ त्याला व त्याच्या वारसांना मिळावे, यासाठी लेखनस्वामित्वाचा हक्क असतो. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही वर्षे मृत्यूच्या पुढील जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्व समाजाची झाली. ती छापण्यास किंवा महाजालावर ठेवण्यास आता कोणाचीही परवानगी लागत नाही. उलट, हयात असलेल्या लेखकाचे पुस्तक एखाद्या संकेतस्थळावर चोरून ठेवलेले असेल, तर ते वाचणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवरून न विचारता पाणी उपसण्यासारखे आहे. जे फुकट मिळते ते सारेच मुक्त असते असे नाही. हा भेद प्रत्येकाने ओळखला पाहिजे.

मुक्त झालेली मराठी पुस्तके जतन करण्याचे काम ‘विकिस्रोत’ या संकेतस्थळावर चालते. तेथील पद्धत मोठी पाहण्यासारखी आहे. जुन्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे प्रथम छायाचित्र घेतात. मग संगणक त्यावरील अक्षरे ओळखून मजकूर तयार करतो. परंतु जुना कागद पिवळा पडलेला असतो, ठसे झिजलेले असतात. त्यामुळे संगणकाला ‘घ’ चा ‘ध’ आणि ‘भ’ चा ‘म’ दिसतो. ‘घन’ या शब्दाचे ‘धन’ झाले, तर वाक्याचा अर्थच पालटतो. म्हणून माणसाला बसावे लागते. एका बाजूस पानाचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूस संगणकाचा मजकूर ठेवून तो ओळ न् ओळ ताडून पाहतो. न तपासलेल्या पानावर तांबडी खूण असते. एकाने तपासले की ती पिवळी होते. दुसऱ्या कोणी पुन्हा तपासले म्हणजेच ती हिरवी होते. आपण तपासलेले पान आपणच हिरवे करावयाचे नाही, असा तेथील दंडक आहे. आपल्या डोळ्यांतून निसटलेली चूक दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसते, हे त्यामागील शहाणपण होय.

ज्ञानकोशांची परंपरा तर महाराष्ट्रात जुनी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ निर्माण केला. पुरेसा पैसा नाही, साधने नाहीत, अशा स्थितीत त्यांनी ते तेवीस खंडांचे काम तडीस नेले. पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे ‘मराठी विश्वकोशा’चे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. एके काळी हे जाड जाड खंड पाहावयाचे, तर तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ग्रंथालय गाठावे लागे. आता ते दोन्ही कोश महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. डोंगरातील वाडीवरचा मुलगा आणि लंडनमध्ये वाढणारी मराठी मुलगी एकाच वेळी एकच नोंद वाचू शकतात. हे कोश त्या त्या विषयांच्या जाणकारांकडून लिहवून घेतलेले आहेत. मात्र नोंद किती साली लिहिली गेली, इकडे लक्ष असावे. कारण लोकसंख्येचे आकडे, सरहद्दी आणि शास्त्रातील सिद्धान्त काळाबरोबर बदलत असतात.

याहून निराळ्या रीतीने तयार झालेला कोश म्हणजे ‘विकिपीडिया’. १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी तो सुरू केला. ‘विकी’ हा हवाई बेटांतील भाषेचा शब्द असून त्याचा अर्थ ‘लवकर’ असा आहे. कोणालाही चटकन पान लिहिता यावे व दुरुस्त करता यावे, अशी सोय वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने १९९५ साली केली होती. होनोलुलूच्या विमानतळावरील जलद बसगाडीच्या नावावरून त्याने तिला हे नाव दिले. त्याच सोयीवर हा कोश उभा आहे. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त गृहस्थ, कारागीर असे कोणीही त्यात भर घालू शकतात. त्यांना वेतन मिळत नाही. या संकेतस्थळावर जाहिराती नाहीत. त्याचा खर्च वाचकांनी दिलेल्या देणग्यांतून मुख्यतः भागतो. मराठीतील विकिपीडियाचा आरंभ २००३ साली झाला.

ज्या रांजणात कोणालाही पाणी ओतता येते, त्यात कोणी गढूळ पाणीही ओतू शकतो. जॉन सीगेंथेलर हे अमेरिकेतील एक प्रतिष्ठित पत्रकार होते. तरुणपणी त्यांनी रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. २००५ च्या मे महिन्यात विकिपीडियावरील त्यांच्या नोंदीत कोणा अनोळखी माणसाने असे घुसडून दिले, की जॉन आणि रॉबर्ट या दोघा केनेडी बंधूंच्या हत्येत सीगेंथेलर यांचा हात असावा, असे काही काळ मानले जात होते. ही निखालस खोटी गोष्ट होती. परंतु चार महिन्यांहून अधिक काळ ती तशीच राहिली. तोपर्यंत इतर संकेतस्थळांनीही ती उचलली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या वृद्ध पत्रकाराला आपल्या नावाला लागलेला हा कलंक स्वतःच वर्तमानपत्रात लेख लिहून पुसावा लागला. पुढे लिहिणारा सापडला. त्याने ते केवळ एका सहकाऱ्याची थट्टा करण्यासाठी लिहिले होते! त्याला थट्टा वाटली. पण एका निरपराध माणसाची अब्रू तिच्यापायी पणाला लागली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नियम अधिक कडक केले. नाव न नोंदविता नवे पान सुरू करण्यास तेथे बंदी झाली.

या घटनेवरून विकिपीडिया टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्यातील पाणी पारखून घ्यावे, एवढाच तिचा बोध आहे. आणि पारखण्याची साधनेही तेथेच ठेवलेली आहेत. प्रत्येक नोंदीला ‘इतिहास’ नावाचे एक पान जोडलेले असते. कोणता बदल कोणत्या दिवशी, किती वाजता झाला, हे त्यात दिसते. वाक्यांच्या शेवटी लहान आकडे असतात. त्यांवर टिचकी मारली, की ते विधान कोणत्या पुस्तकाच्या किंवा वर्तमानपत्राच्या आधारे केले आहे, ते समजते. ज्या विधानाला असा आधार नाही, ते खरे मानण्याची घाई करू नये. आधार असला तरी तो मूळ ठिकाणी जाऊन पाहावा. महाजालावरील कोणत्याही मजकुराला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशाच्या आधारे लिहिले? तसेच, महत्त्वाची गोष्ट एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ठिकाणी तरी ताडून पाहावी. एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतले असेल, तर साक्षी दोन दिसतात. पण वास्तविक साक्ष एकच असते.

पुष्कळ लोकांच्या ओंजळी एकत्र आल्या म्हणजे केवढे मोठे कार्य होते, याचे उदाहरण नकाशाच्या क्षेत्रात पाहावयास मिळते. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या नावाने सर्वांनी मिळून काढावयाचा एक मुक्त नकाशा सुरू केला. १२ जानेवारी २०१० रोजी हैती या गरीब देशात भीषण भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स ही राजधानी उद्ध्वस्त झाली. जगभरातून मदतपथके निघाली. परंतु त्या शहरातील गल्लीबोळांचा पुरेसा नकाशाच महाजालावर कोठे नव्हता. जखमी माणूस कोठे आहे हे कळले, तरी तेथवर गाडी कोणत्या वाटेने न्यावी, हे कसे समजणार? तेव्हा उपग्रहांनी घेतलेली ताजी छायाचित्रे खुली करण्यात आली आणि निरनिराळ्या देशांतील शेकडो स्वयंसेवक आपापल्या घरी संगणकापुढे बसले. छायाचित्रावर दिसणारा रस्ता ते नकाशात रेखू लागले. पडलेल्या इमारती, तुटलेले पूल, मोकळ्या मैदानांवर उभ्या राहिलेल्या राहुट्या यांची ते नोंद करू लागले. थोड्याच दिवसांत जेथे चार ठळक रस्ते होते, तेथे गल्ल्यांचे दाट जाळे उमटले. मदतपथकांनी तो नकाशा आपल्या उपकरणांत घेतला आणि त्याच्या आधारे ती ढिगाऱ्यांमधून वाट काढू लागली. ज्यांनी हैतीचे नाव पूर्वी क्वचितच ऐकले असेल, अशा लोकांनी तेथील संकटग्रस्तांना घरबसल्या वाट काढून दिली.

मात्र विनामूल्य म्हणून समोर येणारी प्रत्येक जागा पाणपोई नसते. काही संकेतस्थळे उघड व्यापारी असतात. ती पैसे घेत नाहीत. परंतु वाचणाऱ्याची आवडनिवड टिपून ठेवतात आणि तिच्या आधारे त्याला जाहिराती दाखवितात. तेथे वाचकाने किंमत दिलेली असते, फक्त ती रुपयांत नसते. दुसरी काही स्थळे तर निव्वळ गळ टाकून बसलेली असतात. ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे, ताबडतोब नाव व क्रमांक भरा’ असे सांगणारे पान हे माशापुढे टाकलेले आमिषच होय. अशा वेळी घाई हीच खरी वैरीण असते. घरचा पत्ता, शाळेचे नाव, आईवडिलांच्या बँकेची माहिती किंवा मोबाइलवर आलेला गुप्त आकडा कोणालाही देऊ नये. मनात शंका आली, तर पान बंद करून घरातील वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना विचारावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. परवलीचा शब्द लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून तो केला, तर लक्षात राहतो आणि दुसऱ्याला सहसा ओळखता येत नाही. प्रत्येक जागेसाठी तो वेगळा ठेवावा. एकाच किल्लीने घर, कपाट आणि तिजोरी उघडत असेल, तर ती किल्ली हरवताच सर्वस्व जाते.

वाचता वाचता आपणही काही लिहावे, असे पुष्कळांना वाटू लागते. महाजालावरील अशा लेखनाला ‘ब्लॉग’ म्हणतात. या शब्दाचे मूळ समुद्रावर आहे. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरी बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकीत. ओंडक्याला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. त्यावरून जहाजाच्या रोजनिशीलाही लॉग हेच नाव पडले. १९९७ साली महाजालावरील रोजनिशीला ‘वेब्लॉग’ हे नाव मिळाले आणि १९९९ साली कोणी गमतीने त्याचे पहिले अक्षर वेगळे काढून ‘ब्लॉग’ हा शब्द घडविला. मराठी लेखकांनी त्यासाठी ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन सुंदर शब्द योजले आहेत. गावातील जत्रा, अंगणातील पक्षी, आजीने सांगितलेल्या ओव्या, नदीच्या पुराच्या आठवणी, असे कितीतरी विषय अनुदिनीत लिहिता येतात. जे कोणत्याच कोशात नाही, ते अशा लेखनातून टिकून राहते.

मराठी लिहिणाऱ्यांच्या मार्गात प्रारंभी एक मोठी अडचण होती. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. पूर्वी प्रत्येक देवनागरी टंकाने आपापल्या मर्जीप्रमाणे अक्षरांना आकडे दिले होते. त्यामुळे पुण्यातील एका संगणकावर लिहिलेले पत्र नागपुरातील दुसऱ्या संगणकावर उघडले, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. ‘युनिकोड’ या संकेतपद्धतीने हा घोटाळा संपविला. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिलेला असतो. ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ असून तो जगातील कोणत्याही संगणकावर तोच राहतो. टंकण्यासाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची भारतीय कळरचना शिकावी. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’ अशा जोड्या एकेका कळीवर बसविल्या आहेत. मुळाक्षरे ज्याला क्रमाने येतात, त्याला ही रचना थोड्या सरावाने साधते. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर शोधयंत्रांना वाचता येतो. म्हणून तो वाचकांनाही सापडतो.

अनुदिनी लिहिणाऱ्याने काही साधे नियम पाळावेत. लेखाचे शीर्षक विषय स्पष्ट सांगणारे असावे. लेखावर तारीख घालावी. परिच्छेद लहान ठेवावेत; पडद्यावर लांबलचक मजकूर वाचताना डोळे थकतात. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव सांगावे आणि मूळ लेखाचा दुवा द्यावा. चित्रांच्या बाबतीत विशेष जपावे. महाजालावर दिसलेले प्रत्येक चित्र उचलण्याची मोकळीक नसते. २००२ सालापासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचे काही तयार परवाने प्रचारात आले. आपले चित्र कोणत्या अटीवर वापरावे, हे चित्रकार त्यांद्वारे आधीच सांगून ठेवतो. कोणाची अट केवळ नाव देण्याची असते. कोणी व्यापारासाठी वापर करू देत नाही. ‘विकिमीडिया कॉमन्स’ या संग्रहात अशी लक्षावधी चित्रे असून प्रत्येकाखाली त्याची अट लिहिलेली असते. चूक झाली तर ती गुपचूप पुसून टाकण्यापेक्षा, दुरुस्ती केल्याचे खाली नमूद करावे. त्याने लेखकाची पत वाढते.

आणखी एक काळजी घेणे अगत्याचे आहे. दुसऱ्याच्या जागेवर विनामूल्य बांधलेले घर कायमचे आपले नसते. ‘जिओसिटीज’ नावाच्या संकेतस्थळावर लोकांना स्वतःची पाने विनामूल्य ठेवता येत असत. कोणी आपल्या मांजराची चित्रे लावली, कोणी गावाचा इतिहास लिहिला, कोणी दिवंगत मुलाच्या आठवणी जपून ठेवल्या. २००९ च्या ऑक्टोबर महिन्यात मालक कंपनीने अमेरिकेतील हे स्थळ बंद केले आणि कितीतरी लोकांची वर्षानुवर्षांची पाने नाहीशी होण्याची वेळ आली. ती वाचविण्यासाठी काही स्वयंसेवक आधीच कामाला लागले होते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्थाही मदतीला होती. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केलेली ही संस्था महाजालावरील पानांच्या प्रती काढून जपून ठेवते. पुसली गेलेली पाने तिच्या संग्रहात अनेकदा सापडतात. जिओसिटीजवरील पुष्कळ पाने अशा प्रयत्नांमुळे वाचली. परंतु सर्वच वाचली नाहीत. म्हणून आपल्या लेखांची व चित्रांची एक प्रत स्वतःजवळ आणि आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. बी-बियाणे एकाच कणगीत न ठेवणारा शेतकरी हेच शहाणपण पाळतो.

या सर्व हकिगतींतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. महाजालावर जे विनामूल्य मिळते, त्याच्या मागे कोणाचा तरी वेळ, कोणाचे तरी श्रम आणि कोणाची तरी उदारता असते. जिनिव्हाजवळच्या एका टेबलावर, इलिनॉयमधील एका विद्यापीठात, वाईच्या कोशकार्यालयात आणि हैतीचे रस्ते रेखणाऱ्यांच्या घरोघरी हे पाणी भरले गेले. ते पिणाऱ्यावर कोणी देणे लादलेले नाही. तरीही जो विद्यार्थी माहिती ताडून घेतो, दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देतो आणि थट्टेखातरही खोटे लिहीत नाही, तो पाणी स्वच्छ राखतो. आणि जो कोशातील एक चुकलेला शब्द सुधारतो, जुन्या पुस्तकाचे एक तांबडे पान पिवळे करतो किंवा आपल्या गावच्या विहिरीविषयी चार खऱ्या ओळी लिहून ठेवतो, त्याने आपली घागर आणून ओतलेली असते. उद्या कोठला तरी तहानलेला वाटसरू तेथे येईल. घागर कोणी ओतली, हे त्याला ठाऊक नसेल. परंतु त्याची तहान मात्र खचित भागेल.